जायचे सात, यायचे सात

कामावर ठेवताना त्यानं मला काय येतं ते विचारलं नाही. किती पोती उचलतोस, कुणाच्या ओळखीनं आलास, आधी कुठं होतास, काहीच नाही. खुर्चीवरून न उठता एवढंच विचारलं, "कुठून चढलास?"

मी सांगितलं की चढलो वगैरे नाही, चालत आलो. शेडच्या मागच्या वस्तीतच माझी खोली आहे.

"म्हणजे पायी," असं म्हणून त्यानं हजेरीच्या कार्डावर माझ्या नावाच्या जागी 'पायी' लिहिलं आणि कार्डाला भोक पाडलं. पुढची दीड वर्षं त्या शेडमध्ये माझं नाव तेच राहिलं. बापानं ठेवलेलं नाव त्यानं कधी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानं विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

हा माणूस एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडीतून उतरला तो हिंगोलीच्या बाहेर, सेनगावच्या रस्त्याला, हळद पॉलिश करायचं शेड टाकून बसला. हळदीतलं त्याला काडीचं कळत नव्हतं. कांडी कुठली आणि गोळा कुठला हेसुद्धा त्याला निवडणाऱ्या बाया सांगायच्या. पण माणूस कुठून येतो, कशानं येतो आणि परत जायची त्याची गाडी कधी सुटते, हे त्याच्याइतकं जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. आणि मजूर ठेवणाऱ्या माणसाला हळदीपेक्षा हेच जास्त कळावं लागतं, हे मला तिथंच समजलं. शिकवणी फुकट नव्हती, ते पुढं येईलच.

शेडच्या फाटकात रस्त्याकडं तोंड करून त्याची खुर्ची असायची. खुर्चीच्या हाताला एक दोरी बांधलेली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, आत पॉलिशच्या ड्रमपाशी, गाडीत असते तशी घंटी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. काम दोन घंट्यांनी सुरू व्हायचं आणि एका घंटीनं थांबायचं. आम्हाला ती इतकी अंगवळणी पडली होती की बाहेर रस्त्यावर एखाद्या एसटीची घंटी एकदा वाजली तरी पाठीवर पोतं असलेला माणूस जागच्या जागी उभा राहायचा.

काखेत चामड्याची पिशवी. हजेरीला भोक पाडायचं तेही जुन्या तिकिटाच्या चिमट्यानं. पगार पंधरवड्याला. सुटे नसले की कार्डाच्या मागं आकडा लिहायचा आणि त्याला गोल करायचा, गाडीत कंडक्टर तिकिटामागं उरलेले पैसे लिहून देतो तसा. त्याच्याकडं सुटे कधीच नसायचे. तीस वर्षं सुट्या पैशांत हात घालून बसलेल्या माणसाकडं सुटे नसावेत, हा योगायोग मी तरी मानत नाही.

बसायचा मात्र फक्त त्या खुर्चीवर. कुणाच्या घरी गेला तर खांबाला पाठ लावून उभा. एकदा एका मजुराच्या वडलांच्या मयतीला आम्ही सगळे गेलो होतो. तिरडी उचलली, गल्ली अरुंद, माणसं अडकली. मागून याचा आवाज आला, "पुढं सरका, पुढं जागा हाय." मयताची पोरंसुद्धा सवयीनं दोन पावलं पुढं सरकली. त्याला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही. जागा होती, म्हणाला.

आता मजुरीचं सांगतो, कारण भांडण सगळं तिथंच आहे.

रोज आम्हा पोती वाहणाऱ्या सगळ्यांना सारखा. पोतं सारखं, ड्रम सारखा, धूळ सारखी; संध्याकाळी सगळेच पिवळे. पण रोजावर वर टप्प्यांचे पैसे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. माणूस जितके टप्पे लांबून येईल तितके टप्प्याचे पैसे त्याला जास्त, आणि ते गाडीभाड्यापेक्षा बरेच जास्त, म्हणजे भाडं जाऊन हातात चांगले उरायचे. नरसीहून येणाऱ्यांना तीन टप्पे. साखऱ्याहून रहीमभाई यायचे, त्यांना सात. आणि आम्ही वस्तीतले पायी, आम्हाला शून्य. माझ्या जोडीला ड्रम ओतायला रहीमभाईच होते. माणूस भला, पण पन्नाशीचा, पोत्याचं एक टोक त्यांच्याकडं आणि दीड माझ्याकडं. पगाराच्या दिवशी मात्र त्यांचं कार्ड माझ्यापेक्षा जड.

पहिल्या पगारालाच माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे मी लपवत नाही. आजवर जे मिळवलं ते त्याच्याच जोरावर. फाटकात उभा राहून मी विचारलं की पोतं तेच, तर पैसे वेगळे काहून.

त्यानं रागावून सोडलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं समजावून सांगितलं, आणि ते मला आजही खुपतं.

"साखऱ्याची गाडी कुठून कुठून येते? सेनगाव लागतं, नरसी लागतं, मधी फाटे लागतात. रहीम सेनगावला उतरू शकतो, नरसीला उतरू शकतो. तिथं बी मालक बसून राहिलेत. तो कुठंच उतरत न्हाई अन् माझ्यापोतर येतो, म्हणजे वाटेतल्या समद्यांपेक्षा मी जास्त देतो म्हणून. अन् तू? तू कुठं उतरशील? तुझा तर प्रवासच न्हाई."

"मी दुसरीकडं जाईन," मी म्हणालो.

"जा की. जिकडं जाशील तिकडं लांबच जाशील. मग तिथला मालक तुला टप्पे देईल. मी काहून देऊ?"

 याच्यावरचं उत्तर मला आज सुचतं, पण आज ते देऊन उपयोग नाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती त्याच शेडमध्ये हळद निवडायला होती. वस्तीतल्या अकरा बाया, सगळ्या पायी, आणि त्यांचा रोज पुरुषांपेक्षाही कमी. त्या बायांचं तर त्यानं आणखी पक्कं हेरलं होतं. वस्तीत नळ दुपारी एक वाजता यायचा. एक वाजता तो एक घंटी द्यायचा, बाया अर्धा तास घरी जाऊन पाणी भरायच्या आणि परत यायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय दयाळू माणूस. रेल्वेलाइनच्या पलीकडं एक मोठं शेड होतं, तिथं निवडणाऱ्या बायांना रोज जास्त होता. बायांनी एकदा ते बोलून दाखवलं तर हा म्हणाला, "जा. पण तिथून एकाला घरी कशा याल? तुमचे पाय नळाला बांधलेत, बाई. मी न्हाई बांधले." बाया परत निवडायला बसल्या. मजुरी कामाची नसते, माणूस किती लांब जाऊ शकतो त्याची असते, असं त्याचं म्हणणं. मी हे पुढं कितीतरी सौद्यांत वापरलं. चीड त्याची येते की ते दर वेळी लागू पडलं.

तर मी ठरवलं की लांबचा व्हायचं.

रहीमभाईंना मध्ये घेतलं. त्यांनी मालकाला सांगायचं की यानं आमच्या साखऱ्यात खोली घेतली, बायको इथं सासूपाशी राहते आणि हा रोज आमच्या गाडीनं येतो. रहीमभाई खोटं बोलायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, त्यानं विचारलं तर मान हलवीन, तोंडानं बोलणार न्हाई. तेवढं पुरलं. मालकानं कार्डावरचं 'पायी' खोडलं नाही, पण त्याच्या पुढं सात लिहिले.

तो तिकीट बघायचा नाही, गाडीतून कोण उतरतं ते खुर्चीतून बघायचा. म्हणजे मला रोज सकाळी साखऱ्याच्या गाडीतून उतरणं भाग होतं. साखऱ्याला मी कशाला जाऊ? शेडच्या अलीकडचा थांबा बरोबर एक टप्पा लांब होता, एका वळणावर. मी पहाटे उठायचो, शेडच्या मागच्या शेताच्या धुऱ्यानं लपत रस्त्याला लागायचो, कामाकडं पाठ करून सहा किलोमीटर चालत जायचो, वळणावर साखऱ्याची गाडी धरायचो, एका टप्प्याचं तिकीट काढायचो आणि शेडसमोर रहीमभाईंच्या मागून जांभया देत उतरायचो. जांभई खरी असायची. दहा मिनिटांवर घर असलेला माणूस दीड तास प्रवास करून कामावर येतो हे बघून बायको रोज सकाळी डोक्याला हात लावायची. मी तिला सांगितलं, पगाराच्या दिवशी बघ.

पगाराच्या दिवशी कार्डावर दोन टप्पे लागले होते.

मी पेटलो. सगळे रांगेत उभे, बाया समोर, नरसीची मंडळी समोर, आणि मी मोठ्यानं विचारलं की साखऱ्याचे सात असताना दोन काहून, पाच टप्पे कुणाच्या घशात गेले. असं बरंच बोललो. त्यानं मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर पिशवीचं झाकण लावलं.

"रहीम गाडीतून उतरला की पहिल्यांदा कुठं जातो?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

"लिंबाच्या मागं जातो. साखऱ्याहून येणारा हरेक माणूस उतरला की आधी आडोसा शोधतो. दीड तास दाबून बसलेला असतो. तू पंधरा दिवस झाले, उतरतो अन् सरळ हजेरीला येतो. पहिल्याच दिवशी कळलं मला."

सगळं शेड हसलं. रहीमभाई लिंबाकडं बघत होते. बायको हसली का ते मी बघितलं नाही. नंतर विचारलं तर नाही म्हणाली, पण तिचा पदर तोंडावर होता.

"मग दोन तरी काहून दिले?" मी विचारलं. हरल्यावरसुद्धा घासाघीस सोडायची नाही, हा माझा गुण की रोग ते तुम्ही ठरवा.

"एक टप्पा तू चालत गेलास. एक टप्पा गाडीनं आलास. तेवढे खरे हायेत. जायचा बी मोजला अन् यायचा बी मोजला. खऱ्याचे पैसे मी बुडवत न्हाई. उद्यापासून बी जायचं असलं तर जा, दोन देईन."

आता शहाणा माणूस काय करील? कार्ड तोंडावर फेकून निघून जाईल. मी दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो आणि वळणाकडं चालायला लागलो. एका टप्प्याचं भाडं जाऊन थोडे उरत होते. या वेळी धुऱ्यानं लपत जायचं कारण नव्हतं, म्हणून सरळ रस्त्यानं, त्याच्या खुर्चीसमोरून. तो मान हलवायचा, मी हलवायचो नाही. असे चार महिने. त्या चार महिन्यांत मी किती चाललो याचा हिशेब करायला मला आवडत नाही, पण एवढं सांगतो की सरळ एका दिशेनं चाललो असतो तर समुद्र लागला असता.

मला तेव्हा खोट्याची लाज वाटली नाही, राग आला तो याचा की खरं तेच होतं जे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. पोतं तेच होतं. जवळ राहतो एवढ्यासाठी माझी पाठ स्वस्त काहून? आणि माझी दोन टप्प्यांना तरी विकली गेली, बायकोची तर फुकटच होती.

बायकोनंच एकदा भाकरी थापता थापता म्हटलं, "तुमी एकटेच काहून लांब जाऊन राहिलात? आमाला न्या की लांब."

मला आधी कळलं नाही. मग कळलं, तसा मी ताटावरून उठलो.

रहीमभाईंच्या साडूची काळीपिवळी जीप होती, सकाळची शाळेची फेरी झाली की दिवसभर रिकामी उभी. मी रेल्वेलाइनपलीकडच्या शेठकडं गेलो. हळदीचा हंगाम भरात, त्याला निवडायला बाया पाहिजेच होत्या. मी म्हणालो, अकरा आणतो, पण एक वाजता अर्ध्या तासासाठी वस्तीत सोडून परत आणणार. त्यानं कुरकुर केली, मी उठून निघालो, त्यानं परत बोलावलं. हे उठून निघणंही मी आमच्या म्हाताऱ्या मालकाकडूनच शिकलो होतो. त्याच्याकडं मला कधी जमलं नव्हतं, कारण निघून जायला जागा नव्हती. जीपचं पहिल्या आठवड्याचं भाडं मी दिलं. ते कुठून दिलं? वळणाच्या टप्प्यांतून.

सकाळी अकरा बाया जीपमध्ये बसल्या. दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं असतं, पण मी ड्रायव्हरला मुद्दाम शेडसमोरून घ्यायला लावली, हळू. मी मागच्या पायरीवर लोंबकळत होतो. म्हाताऱ्यानं जीप बघितली, आतल्या बाया बघितल्या, ओठ हलवत मोजल्या, आणि हात लांब करून दोरी एकदा ओढली.

आत घंटी एकदाच वाजली. जीपमधून अकरा बाया एका आवाजात म्हणाल्या, "थांबव." ड्रायव्हरनं घाबरून करकचून ब्रेक मारला. मला तेव्हा वाटलं, गेलं सगळं.

म्हातारा उठून जीपपाशी आला. त्याला खुर्चीतून उठून कुणापाशी येताना मी पहिल्यांदा बघितलं. बायको कडेला बसली होती.

"किती टप्पे?" त्यानं तिला विचारलं.

"अर्धा."

"भाडं कोण देऊन राहिलं?"

"नवरा."

त्यानं माझ्याकडं बघितलं, वरपासून खालपर्यंत, सामानाचं तिकीट लावायचं का असं बघावं तसं. मग पुन्हा तिला, "कुठवर देईल तो?"

"तुमी वाढवस्तोर."

 मी मधे काहीतरी बोललो, ते दोघांनीही ऐकलं नाही. त्यानं एक टप्पा देऊ केला, सगळ्या बायांना, चालत आल्या तरी. बायको म्हणाली, दोन. तो म्हणाला, दोन तर मी तुझ्या नवऱ्याला देऊन राहिलो. ती म्हणाली, "मग त्यांचेच आमच्यात टाका. ते काही तुमची हळद निवडत न्हाईत."

म्हाताऱ्याला ते पटलं. इतकं पटलं की त्यानं लगेच अट घातली. दोन टप्पे अकरा जणींना, आजपासून. पण मी उतरायचं. म्हणजे त्या शेडमधून कायमचं. असल्या माणसाला गाडीत ठेवलं तर उद्या ड्रायव्हरलाच उतरवील, असं काहीतरी म्हणाला.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही दोन शब्द सुनावील त्याला. ती मला म्हणाली, "अहो, तुमचं एकाचं जाईल, अकरा जणींचं येईल. वाईट हाय का?"

बाया उतरल्या. दोन घंट्या झाल्या. जीपमध्ये मी आणि रहीमभाईंचा साडू राहिलो, आणि एका आठवड्याचं भाडं दिलेलं. तो म्हणाला, आता कुठं घेऊ? रेल्वेलाइनपलीकडच्या शेठला मी अकरा माणसं कबूल केली होती. मी म्हणालो, साखऱ्याकडं घे. त्या दिवशी मी वाटेतल्या फाट्यांवरून अकरा माणसं गोळा करून दुपारच्या आत शेठच्या दारात उभी केली. माझा धंदा असा सुरू झाला. आज मजुरांची ने-आण करणाऱ्या माझ्या तीन गाड्या आहेत आणि हळदीचं स्वतःचं शेड आहे. लोक म्हणतात, म्हाताऱ्यानं काढलं म्हणून तुझं भलं झालं. मी त्यांना सांगतो, भलं मी केलं, त्यानं फक्त काढलं. बायकोशी मी तीन दिवस बोललो नाही. तिला चौथ्या दिवशी लक्षात आलं.

शेड मी मुद्दाम त्याच्या घरासमोर टाकलं, त्याच्या जुन्या शेडला लागूनच, मागं तीच वस्ती, पुढं तोच लिंब. रस्त्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला तो. त्यानं रोज बघावं एवढाच हेतू. पुढं त्याचे गुडघे गेले, शेड बंद पडलं, ड्रम विकला, मुलगा पुण्याला. तो दिवसभर ओट्यावर खांबाला पाठ लावून उभा राहायचा आणि माझ्या गाड्यांतून उतरणारी माणसं मोजायचा. मला ते इथवर ऐकू यायचं.

गेल्या रविवारी तो रस्ता ओलांडून आला. शहात्तर वर्षांचा. म्हणाला, फाटकात बसव, हजेरी घेतो, घरी उभा राहून कंटाळा आला.

मी खुर्चीवरून उठलो नाही. दहा-अकरा वर्षं या घडीची वाट बघितली होती. विचारलं, "कुठून चढलात?"

"समोरून."

"म्हणजे पायी," मी म्हणालो. "पायीला रोज तेवढा. टप्पे न्हाईत."

"बराबर," तो म्हणाला, आणि निघून गेला. मला जरा चुकल्यासारखं झालं. मी आणखी तीन वाक्यं तयार ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी हजेरीची वेळ झाली तरी समोरून कुणी येईना. मग साखऱ्याची गाडी आली, शेडसमोर थांबली, आणि तिच्यातून म्हातारा उतरला. माझ्याकडं न बघता आधी लिंबाच्या मागं गेला. बराच वेळ घेतला, त्याचं वय आहे. मग आला आणि तिकीट पुढं केलं. एका हातात ती जुनी घंटी होती, दोरीसकट.

पंच्याहत्तरीपुढच्या माणसाला एसटी फुकट असते, तिकिटावर पैशांच्या जागी शून्य. पण गाव साखराच होतं. पहाटेच्या पहिल्या गाडीनं तिथं जाऊन, त्याच गाडीनं परत आला होता.

"सात टप्पे," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे म्हणावंच लागलं.

"चौदा. जायचे सात, यायचे सात. मी तुझे दोन्हीकडचे मोजले होते का न्हाई?"

मोजले होते. सगळ्या शेडसमोर मोजले होते. माझ्याच शेडमधले दोघं-तिघं तेव्हा तिथं होते, ते पोती टाकून ऐकत उभे. मी म्हणालो, ठीक, पण माझे पाच टप्पे तुमच्याकडं राहिलेत, तेव्हापासून.

"ते खोटे होते."

"अन् हे? हे तर फुकटचे हायेत."

"फुकटचे हायेत. खोटे न्हाईत. लिंबाला विचार."

अर्धा तास घासाघीस झाली. मला सांगायला हरकत नाही, इतका आनंद मला कुठल्याच सौद्यात झाला नव्हता. त्यालाही होत असावा, कारण बोलता बोलता तो चक्क माझ्या खुर्चीवर बसला होता. नऊवर तुटलं. चौदातून माझे पाच गेले. त्याच्याच तिकिटामागं मी नऊ लिहिले, त्याला गोल केला आणि तिकीट त्याला दिलं. त्यानं ते लांब धरून वाचलं आणि पिशवीत टाकलं.

तेव्हा आतून बायको आली. माझ्या शेडमध्ये निवडणाऱ्या बायांचं तीच बघते. सोळा जणी, त्याच वस्तीतल्या. त्यांना किती मिळतं हे मी इथवर लिहिलं नाही, आणि तुमच्या ते लक्षात आलं असेल तर तुम्ही मजूर ठेवायला लायक आहात. शेड माझं, रीत त्याची. पायीला टप्पे नाहीत. मी नवी रीत कशाला काढू? वस्तीतल्या बाया, जातील कुठं?

हात पिवळे, कमरेला पदर खोचलेला. तिनं मला विचारलं नाही, म्हाताऱ्याला विचारलं. "बाबा, तुमी समोरच राहता. फिरून आलात तर तुमाला नऊ. आमी मागून सरळ चालत येतो. आमाला किती?"

 म्हाताऱ्यानं हातातली घंटी वर धरली आणि दोरी एकदा ओढली.

ड्रम थांबला. आतल्या सगळ्या बाया हात थांबवून बाहेर बघायला लागल्या. आणि माझ्या तोंडात आलेलं वाक्य, मालक म्हणून बोलायचं, चांगलं तयार असलेलं, तेही जागच्या जागी थांबलं. सवय.

हे झालं गेल्या सोमवारी. बायको दोनवर अडून बसली आहे, मी एकाच्या पुढं जात नाही. मला ठाऊक आहे की काळीपिवळीच्या ड्रायव्हरचा नंबर तिच्याकडंही आहे, आणि तिला ठाऊक आहे की मला ते ठाऊक आहे. म्हातारा रोज सकाळी साखऱ्याहून येतो, लिंबाच्या मागं जाऊन येतो, खुर्चीवर बसतो आणि आमच्या दोघांकडं बघून विचारतो, "कुठवर आलात?"